एटीव्ही पिकअपमध्ये चढवताना रॅम्प सरकला, आता काय करू?

माळरान_ओहायो:

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी जुनी होंडा रँचर ४२० घेतली, म्हणजे एटीव्ही: चार जाड चाकांची, हँडलने चालवायची उघडी गाडी. फोर बाय फोर, पायाने गिअर टाकायची. कोलंबसच्या पूर्वेला आमची साडेचार एकर जागा आहे, तिथे लाकडं ओढायला आणि थंडीत बर्फ लोटायला उपयोगी पडेल म्हणून घेतली. आता दोन मित्रांबरोबर मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर (एटीव्ही चालवायच्या डोंगरवाटांवर) जायचं ठरतंय, म्हणजे ती पिकअपमध्ये घालून न्यावी लागणार.

माझी गाडी फोर्ड एफ-१५०, हौदा साडेपाच फुटी. विकणाऱ्याने सहा फुटी अॅल्युमिनियमच्या रॅम्पची जोडी सोबत दिली होती. काल पहिल्यांदा स्वतः चढवायला गेलो. पुढची चाकं फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या झडपेच्या) काठाला लागली आणि अडली. मी अंगठ्याने थोडा थ्रॉटल दाबला, तसा डावा रॅम्प खर्रकन दोन इंच मागे सरकला. ब्रेक धरून इंच-इंच करत खाली आलो. बायको नेमकी रॅम्पच्या मागे उभी होती. रॅम्प हलतोय का ते बघ, असं सांगून मीच तिला तिथे उभं केलं होतं. रात्री डोळा लागला नाही.

विचारायचं ते असं: वर बसून चालवत चढवावी की विंचने (मोटरने दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढावी? रॅम्प किती लांब हवेत? आणि साडेपाच फुटी हौद्यात ही मावते का?

पाटील_टेक्सास:

दहा वर्षं बसूनच चढवतोय, कधी काही झालं नाही. भीत-भीत चढवलं की मध्ये अडतं. थोडा वेग घ्या, मध्ये थांबू नका, एका दमात वर.

कृष्णाकाठ:

माळरान, तुम्ही हळू खाली उतरलात ते फार बरं केलंत. पाटील, राग मानू नका, पण तुमचं 'थोडा वेग घ्या' हे मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात याची किंमत मोजलेली आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात राहतो, अकरा एकरांत. ऑक्टोबर २०१७ मध्ये माझा नवरा शेजाऱ्याकडे लाकडं आणायला एटीव्ही नेत होता. रॅम्प सहा फुटीच, तुमच्यासारखे, नुसते फाळक्यावर टेकवलेले. पुढची चाकं फाळक्यावर चढली, मागची रॅम्पच्या मध्यावर होती. त्याने थ्रॉटल दाबला आणि दोन्ही रॅम्प मागे निघाले. मशीनची मागची बाजू खाली आदळली, पुढची वर गेली आणि सगळं धूड त्याच्या अंगावर उलटलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलं, दोन बरगड्या मोडल्या. अकरा आठवडे मीच जळाऊ लाकडं फोडत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे घडताना पाहिलंय आणि तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून आमच्याकडे एटीव्ही मीच चढवते आणि मीच उतरवते.

रॅम्प का सरकतो ते आधी समजून घ्या. ओढ्यातल्या सुट्या दगडावरून पलीकडे उडी मारली की आपण पुढे जातो आणि दगड मागे सरकतो. इथे तेच होतं. मागचं चाक मशीनला जेवढ्या जोराने पुढे ढकलतं, तेवढ्याच जोराने रॅम्पला मागे ढकलतं. एरवी चाकावरच्या भाराने रॅम्प दाबलेला राहतो म्हणून तो जागा सोडत नाही. पण पुढची चाकं फाळक्याच्या काठाला अडली की माणूस थ्रॉटल वाढवतो, आणि नेमका तेव्हाच रॅम्पवरचा मागचा रेटा सगळ्यात जास्त असतो. तुमचा रॅम्प त्याच क्षणी सरकला. वेगाने गेलात तर काठावर बसणारा दणका मोठा होतो. त्यात थ्रॉटल अंगठ्याचा. दणक्याने अंग मागे झुकलं की मुठी हँडल घट्ट पकडतात, अंगठा आपोआप आणखी दाबला जातो आणि मशीन थेट केबिनच्या मागच्या काचेवर जाऊन धडकते. हा अपघातही नेहमीचा आहे.

म्हणून पहिली गोष्ट, रॅम्प गाडीला बांधायचा. दोन्ही रॅम्प, दोन वेगळ्या पट्ट्यांनी. रॅम्पच्या वरच्या टोकाजवळ भोक किंवा आडवी दांडी असते. तिथून पट्टा काढून गाडीच्या हिचला, म्हणजे ट्रेलरची साखळी अडकवायच्या कड्यांना बांधा. पट्ट्याची ओढ खाली आणि गाडीच्या पुढच्या दिशेने हवी. नुसती खाली ओढ असली तर रॅम्प मागे सरकायला मोकळाच राहतो. बंपरच्या प्लास्टिकला किंवा फाळक्याच्या तारेला बांधू नका. बांधून झालं की रॅम्पला पाय लावून जोराने मागे ढकलून बघा. हलला तर पुन्हा आवळा. विकणाऱ्याने रॅम्पबरोबर पट्टे दिले नसतील तर मशीन सुरू करण्याआधी ते विकत आणा.

दुसरी गोष्ट चढाची. तुमच्या फाळक्याची उंची ३५ इंच धरली आणि रॅम्प सहा फुटी, म्हणजे ७२ इंच, तर चढ २९ अंशांचा होतो. हा फारच उभा आहे. साडेसात फुटी रॅम्प घेतलात तर २३ अंश. दहा फुटी घेतलात तर १७, पण ते घडी करूनही साडेपाच फुटी हौद्यात मशीनशेजारी ठेवायला अवघड. साडेसात-आठ फुटी, मधोमध कमान असलेले, घडीचे घ्या. कमान असली की वरच्या टोकाला मशीनचं पोट घासत नाही. सरळ रॅम्पवर पुढची चाकं वर आणि मागची खाली असताना मधलं पोट काठावर टेकतं आणि चाकांची पकड सुटते. वजनक्षमता बघताना आकडा जोडीचा आहे की एकेकाचा ते नीट वाचा, आणि त्यात मशीनबरोबर स्वतःचं वजनही धरा.

पण रॅम्प बदलण्याआधी जमीन बघा. माझं माहेर वाळव्याकडचं. आमच्याकडे बाजाराला बैल न्यायचा असला की वडील टेम्पो शेतातल्या बांधाला मागून टेकवायला लावायचे. हौदा आणि बांध एका पातळीत आले की बैल दावं सैल धरलं तरी आपण होऊन आत जायचा. ज्या दिवशी बांध मिळायचा नाही त्या दिवशी फळी टाकायची, चार माणसं लागायची, आणि बैल बिथरायचा. नवऱ्याच्या अपघातानंतर कितीतरी दिवस मी रॅम्पच्या जाहिराती चाळत होते, आणि एक दिवस अंगणात उभी असताना मला वडिलांचा बांध आठवला. आमच्या ड्राइव्हवेच्या कडेला पाणी वाहून जायला उथळ चर आहे. पिकअपची मागची चाकं त्या चरात उतरवली आणि रॅम्पची खालची टोकं पलीकडच्या काठावर टेकवली की फाळका फूटभर खाली आल्यासारखा होतो. ३६ इंचांची चढण २४ इंचांवर येते आणि आठ फुटी रॅम्पवर चढ २२ अंशांवरून साडेचौदावर. मी आठ वर्षं अशीच चढवतेय. तुमच्या साडेचार एकरांत अशी एखादी जागा नक्की असेल. घरातून टेप घेऊन बाहेर पडा आणि शोधा. फक्त जमीन आडवी कललेली नको, नाहीतर मशीन एका अंगाला झुकते. चिखलही नको.

बसून की विंचने? माझं उत्तर विंच. मशीनला पुढे विंच असेल तर तिचा दोर हौद्यात केबिनकडच्या दोन कोपऱ्यांतल्या कड्यांमध्ये आडवा पट्टा बांधून त्याच्या मध्यावर अडकवा, म्हणजे ओढ सरळ येते. मशीन न्यूट्रलला, तुम्ही बाजूला उभे, हातात विंचचं वायर असलेलं बटण. अंगावर येण्यासारखं कोणी नाही, रॅम्पला मागे ढकलणारं चाक नाही, घाई नाही. दोराच्या रेषेत मात्र कोणी उभं राहायचं नाही. विंच नसेल आणि बसूनच चढवायची असेल तर फोर व्हील लावा, पहिला गिअर. रँचर ४२० ला वेगळा लो रेंज (जास्त जोराचा, हळू गिअर) नाही, पण पहिला गिअर पुरेसा हळू आहे. फोर व्हीलमुळे पुढची चाकं हौद्याच्या तळाला पकडून स्वतः ओढतात आणि मागच्या चाकांचा रॅम्पवरचा रेटा कमी होतो. दहा फूट मागून मशीन रॅम्पच्या सरळ रेषेत आणा. अर्ध्यावर चाक वळवायची वेळ आली तर खाली उतरून पुन्हा सुरू करा. अंग पुढे झुकवा, हेल्मेट अंगणातसुद्धा. आणि माणसं बाजूला, लांब. मागे कोणी नाही. तुमच्या बायकोला माझ्याकडून हे सांगा की रॅम्प हलतोय का ते बघायचं काम पट्ट्याचं आहे.

रॉकीज_काठी:

मी कॅल्गरीजवळ असतो. इथे याला सगळे क्वाड म्हणतात. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय त्यात थंडीचं एवढंच घालतो: पहाटे अॅल्युमिनियमवर दव गोठून पातळ बर्फ बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. हात फिरवून बघा. टायरच्या खाचांत बर्फ भरलेला असेल तर तो काठीने काढा. ओला रॅम्प आणि बर्फ भरलेलं टायर असताना मी बसून चढवत नाही, विंचच लावतो. परत येताना सगळे दमलेले असतात, हात गारठलेले असतात, अंधार पडत आलेला असतो. चढवताना चूक व्हायची वेळ तीच. मी त्यासाठी डोक्याला लावायचा दिवा गाडीतच ठेवतो.

सह्याद्री_कुडाळ:

आमच्याकडे एटीव्ही नाही, पण बोलेरो पिकअपमध्ये पॉवर टिलर चढवतो. चारशे किलोच्या वरचं धूड आणि वर बसायची सोय नाही, मागून चालत ढकलायचं. त्यामुळे फळी सटकली तर माणूस थेट खाली. कृष्णाकाठताई म्हणतात तो बांध आमच्याकडे जांभ्याचा गडगा असतो. गावात एका वळणावर जुन्या गडग्याशेजारी भराव घालून आम्ही गाडी टेकवायची जागाच करून ठेवली आहे, चार-पाच घरं तीच वापरतात. फळी टाकायची वेळ आलीच तर फळीच्या वरच्या टोकाला खालून लोखंडी अँगल ठोकलेला असतो, तो हौद्याच्या पत्र्याच्या काठात अडकतो. आणि चाकांना लावायची उटी (पाचर) घेऊन एक माणूस बाजूने चालतो, मागून नाही.

माळरान_ओहायो:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन निघालो. फाळका ३५ इंच बरोबर निघाला. गोठ्यामागे पाणी वाहायची एक पन्हळ आहे, मागची चाकं तिथे घातली की फाळका २५ इंचांवर येतो. पट्टे आणले, साडेसात फुटी कमानीचे रॅम्प मागवले आहेत. विंच नाही, सध्या बसूनच.

आता मावण्याचं. हौदा आतून ६७ इंच. चाकांवरच्या कमानींमध्ये साधारण ५०.६ इंच मिळतात आणि मशीन ४७ च्या आसपास रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन इंच. लांबी मात्र सुमारे ८४ इंच. म्हणजे फाळका उघडाच ठेवून जावं लागणार. हे चालतं का?

कृष्णाकाठ:

फाळका उघडा ठेवून बरेच जण जातात. बंपर नाही, चाकं कुठे टेकतात ते बघायचं. रँचरच्या दोन आसांमधलं अंतर ५० इंचांच्या आसपास आहे. पुढचा भाग केबिनकडच्या भिंतीला टेकवलात तर मागचं चाक जमिनीला जिथे टेकतं तो बिंदू हौद्याच्या अगदी शेवटी, फाळक्याच्या बिजागरीजवळ येतो. चाक हौद्याच्या तळावर राहिलं तर ठीक. फाळक्यावर गेलं तर प्रत्येक खड्ड्याला मशीनचा निम्मा भार दोन तारांवर आदळणार, आणि हायवेवर इतके तास ते मी करणार नाही. म्हणून पूर्ण पुढे घेऊन मोजा. चाक बिजागरीच्या पलीकडे जात असेल तर छोटा ट्रेलर भाड्याने घ्या. ट्रेलरची चढण फूट-दीड फुटाची, आणि वर लिहिलेल्या निम्म्या काळज्या तिथेच संपतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतात ते लिहिलेलं असतं. रँचर पेट्रोलसकट सहाशेच्या आसपास, त्यात तीन माणसं, तंबू, बर्फाचा डबा. बेरीज करा.

बांधण्याचं. चार पट्टे, चार कोपऱ्यांना, रॅचेटचे (खटक्याच्या दांडीने आवळायचे). एक इंची साध्या पट्ट्यावर बहुधा दोन आकडे असतात, १५०० आणि ५००. पहिला तुटण्याचा, दुसरा रोजच्या वापराचा. हिशोब दुसऱ्या आकड्याने करायचा. इथल्या मालवाहू ट्रकांना केंद्राचा नियम असा की मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने आला तरी बांधणी टिकली पाहिजे, आणि मागे व बाजूंना ०.५ पट. आपल्या खासगी पिकअपला तो नियम लागू नसला तरी मी तोच धरून चालते. सहाशे पौंडांच्या मशीनला जोराचा ब्रेक लागला की जवळजवळ पाचशे पौंड केबिनकडे येतात, आणि केबिनमध्ये माझी माणसं असतात. म्हणून मी दीड-दोन इंची जाड पट्टे वापरते.

पट्टा मशीनच्या लोखंडी सांगाड्याला लावा, वरच्या सामानाच्या जाळीला नाही. आधी पुढचे दोन, मग मागचे दोन, तिरके. सस्पेन्शन थोडं दबेल इतकंच आवळा. अगदी पूर्ण दाबलंत तर सस्पेन्शनवर आणि पट्ट्यांवर नाहक ताण येतो. पार्किंग ब्रेक लावा, मशीन गिअरमध्ये ठेवा. रॅम्पही बांधा, हायवेवर उडालेला रॅम्प मागच्या गाडीच्या काचेतून आत जाऊ शकतो. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत एकदा थांबा आणि चारही पट्टे हाताने ओढून बघा. प्रत्येक वेळी निदान एक तरी सैल झालेला मला सापडतो.

उतरवताना मशीनचं तोंड वर आणि तुम्ही मागे जात असता. तेव्हा मागचा ब्रेक, म्हणजे डावा लिव्हर किंवा पायाचा पेडल, झटक्यात दाबू नका. पुढची चाकं उचलली जातात आणि मशीन मागे उलटते. उजव्या हाताचा पुढचा ब्रेक हलके-हलके. आणि रॅम्प पुन्हा बांधायचा. चढवताना बांधला होता म्हणून उतरवताना लोक विसरतात.

माळरान_ओहायो:

आज शनिवार, रॅम्प आले. पन्हळीत गाडी लावली, पट्टे आवळले, पायाने ढकलून पाहिलं, तसूभर हलले नाहीत. हेल्मेट, फोर व्हील, पहिला गिअर. पुढची चाकं फाळक्यावर आली तेव्हा दणका जाणवलाच नाही. वर जाऊन मोजलं: मागचं चाक बिजागरीच्या दीड इंच आत, हौद्याच्या तळावरच टेकतंय. तरी ट्रेलरची चौकशी केली आहे, कारण स्टिकरच्या आकड्यात तीन माणसं आणि सामान बसत नाही. बायको ओट्यावर बसून बघत होती. दोनदा चढवली, दोनदा उतरवली. दुसऱ्या वेळी उतरवताना तिनेच आवाज दिला, 'उजवा पट्टा लावलाय का?' लावला नव्हता.